पाणी कुठं मुरतं

फोनवर तेक्ला वारेंचुक एवढंच म्हणाली,
पुन्हा आलंय.
जसा काही थोरला मुलगाच आलाय,
न सांगता, चिखलाच्या बुटांनी.

विनिपेगच्या उत्तरेकडचं पंचावन्न सालचं घर.
तळघराच्या जिन्यावर जुने टॉवेल,
खाली बिटाच्या बरण्या, विटांवर चढवलेलं वॉशिंग मशीन,
भिंतीला लोणा फुटलेला, पांढरा, खारट
(मी चाखून बघतो, सवय)
आणि लोण्याच्या मधोमध सुतारी पेन्सिलीच्या रेघा:
जून ७४, घोट्याइतकं. मे ७९, दोन बोटं.
९३, तिसऱ्या पायरीपर्यंत.
प्रोकोपचं अक्षर.
तो पाणी मोजायचा, ती पुसायची.

लोक म्हणतात, नदी खालून आत शिरते.
तेहतीस वर्षं मी लोकांची तळघरं कोरडी करतोय.
नदीला तुमच्या तळघरात काडीचा रस नाही.
पाणी तुमच्याच छपरावरचं असतं.
पन्हळीतून उतरतं,
पाइप जिथं संपतो तिथं भिंतीला टेकून बसतं,
कुणी उठ म्हणेपर्यंत.

इथली माती चिकण.
उन्हात आकसते, भिंतीपासून बोटभर सरकते,
रुसल्यासारखी.
त्या फटीत एक सर ओतली
की घर आपल्याच वाडग्यात उभं.
मग माती फुगते, भिंतीला खांदा लावते,
सबंध परसाचं वजन मागून रेटत असतं.
भिंत तरी काय करणार? केसाएवढी जागा देते.
पाण्याला केस पुरतो.

पायाभोवती खापरी नळ्यांची एक माळ पुरलेली असते.
इकडे तिला रडती नळी म्हणतात.
भिंतीच्या वाटणीचं तिनं रडायचं, असा करार.
तेक्लाची नळी एल्मच्या मुळांनी गच्च.
रडायलाही वाट लागते, म्हणालो.
ती हसली नाही. कॉफी मात्र दिली.

बाहेर गेलो तर पाइप करवतीनं कापलेला,
भिंतीपासून वीतभर अंतरावर.
हे कुणी केलं?
त्यानंच. माझ्या पिओनींना पाणी मिळावं म्हणून.
आळंही त्यानंच खणलेलं, खोल, घराकडे उतरतं.
गुलाबी फुलं, कोबीच्या गड्ड्याएवढी.
म्हणजे चाळीस वर्षं तो वर फुलांना पाणी पाजत होता
आणि खाली येऊन तेच पाणी मोजत होता.
कुठं मुरतंय ते त्याला ठाऊक असणार.
सुतार माणूस.
बोलला नाही.

मी फावडं उचललं तशी ती म्हणाली,
पिओनी जूनमध्ये हलवत नाहीत. सप्टेंबर.
तोवर?
तोवर पुसेन. येतं मला.

सप्टेंबरात एकेक गड्डा तिनं स्वतः उचलला,
बाळंतपण करावं तसा,
कुंपणाशी लावला. मग आम्हाला मोकळीक दिली.
भिंतीलगत चिकणमाती ठोकून भरली,
घरापासून पलीकडे उतार काढला,
पाइप सहा फूट लांबवला.
भेगेत राळ भरली.
नवी नळी, गोल खडी, खड्ड्यात पंप.
सगळ्यात स्वस्त काम उतार आणि पाइप,
निम्मं पाणी तिथंच थांबतं,
पण हे आधी सांगितलं तर माझं पोट कसं चालायचं.
(तिला सांगितलं.)
रेघांवर रंग फासू का, पोऱ्यानं विचारलं.
तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं.

ऑक्टोबरात रात्री दोनला फोन.
आलं नाही, ती म्हणाली.
मागं पंप घुरघुरत होता,
नव्या भाडेकरूसारखा, थोडा संकोचून.
मग झोपा की.
जिन्यावर बसलेय. पेन्सिल घेऊन. काय लिहू?

माझ्याकडेही पाऊस होता.
माझ्या तळघरात, उगाच कशाला लपवू, एक बादली आहे.
तारीख लिहा, म्हणालो, रेघ नको.

ती काही बोलली नाही, फोनही ठेवला नाही.
तिच्याकडे पाऊस जरा जोरात होता.